नाव येईपर्यंत

९ जानेवारी

दादा,

हे पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच. वाचल्यावरही फाडता येतंच.

फोनवर तू बोलणार नाहीस हे मला माहीत आहे. आपल्या घरात तू फोनवर कधी बोललायस? एक मिस्ड कॉल म्हणजे पोचलो. दोन म्हणजे उशीर होईल, जेवून घ्या. तीन म्हणजे काय, ते आपण कधी ठरवलंच नव्हतं. परवा दुपारी माझ्या फोनवर तुझे तीन आले. मी नेहमीसारखे वाजू दिले, मोजले आणि चौथ्याची वाट बघत बसले. मग तुझा नंबरच बंद झाला. आई सारखी विचारते, "तीन म्हणजे काय गं?" मी म्हणते, रेंज नसेल.

म्हणजे तू ऐकलंस.

तुला अल्बमबद्दल मी सांगितलं होतं. घरातले आवाज रेकॉर्ड करून, ते कापून, जोडून त्यांचं संगीत करतेय, एवढं सांगितलं होतं. आईचं शिलाई मशीन, पाण्याची मोटर, बाबांचं घोरणं. बाबा घोरतात त्यावर मी बासरी लावलीय हे ऐकून तू इतका हसलास की चहा नाकात गेला. चौथ्या तुकड्याचं सांगायचं राहून गेलं.

मी दिवसभर काय करते ते तुला ठाऊक आहे. लोक स्टुडिओत बसून पुस्तकं वाचतात आणि मी त्यांचे श्वास कापते. खोकला, चुकलेला शब्द, खुर्चीची करकर, पुन्हा घेतलेलं वाक्य, सगळं कापते. शेवटी असा आवाज उरतो जो कोणाचाच नसतो. म्हणून मी ठरवलं होतं की माझ्या अल्बमात एक तरी तुकडा असा असेल ज्यात माणसाचं अडखळणं तसंच राहील. कोणी म्हणणार नाही की हे नको, हे चुकलं.

तो चौथा तुकडा. लिफ्ट कंपनीच्या मुलाखतीची तू तयारी करत होतास, तेव्हाचं रेकॉर्डिंग. वाचा-उपचाराच्या बाईंनी सांगितलं होतं ना, की ठेका धरा, ठेक्यावर शब्द टाकला की सुटतो. आईचा तो बटणांचा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन मी ठेका धरायची (तेव्हापासूनच मी तुझी टिकटिक), आतली बटणं खुळखुळायची आणि तू म्हणायचास, "नमस्कार, माझं नाव". पुढे नावाचा पहिला आवाज. तोच, पुन्हा तोच, मग बंद दारासारखी शांतता.

रविवारच्या पुरवणीत लिहिणारे ते मोठे समीक्षक आहेत ना, त्यांनी अर्धं पान लिहिलं. त्यातलं वाक्य मला पाठ आहे. "चौथ्या तुकड्यात एका पुरुषाच्या आवाजावर कात्री इतक्या निर्दय अचूकपणे चालली आहे की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकतो."

दादा, मी कात्री लावलीच नव्हती. त्यांनी जिला कात्री म्हटलं तो तू होतास. मला हसू आलं आणि मग, खरं सांगते, अभिमान वाटला. वाटलं, ज्याला लोक आयुष्यभर "अरे बोल ना पटकन" म्हणत आले, त्याच्या बोलण्याला एवढा जाणकार माणूस कौशल्य म्हणतोय. हे तुला सांगायला मी पुरवणी घडी घालून पिशवीत ठेवली होती. ती अजून पिशवीतच आहे.

एक मिस्ड कॉल दे. पोचलो, एवढंच.

तुझी
टिकटिक


१७ जानेवारी

दादा,

काल तुझे मिस्त्री घरी आले. तुझी अवजारांची पेटी आणि कामाचे बूट घेऊन. बूट त्यांनी दाराबाहेर इतके नीट जोडून ठेवले की आईने ते पाहिले आणि मटकन खालीच बसली. मिस्त्री घाबरले. "अहो वहिनी, तसं काही नाही, पोरगं धडधाकट आहे," म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत पोरांनी मोबाइलवर माझा चौथा तुकडा लावला. सगळीकडे वाजतोय म्हणून लावला. एकाने डब्यावर ताल धरला, दुसरा तुझ्यासारखं... पुढे त्यांनी सांगितलं नाही, हातानेच दाखवलं. तू भिंतीला टेकून बसला होतास.

"कोणाला ठाऊक नव्हतं हो," मिस्त्री म्हणाले. "मग त्यातला एक याच्याकडे बघायला लागला. म्हणाला, अरेच्चा, हा तर आपलाच गडी वाजतोय. हा उठला, हातातला पाना खाली ठेवला आणि गेला. लिफ्ट चालू होती, तरी जिन्याने गेला."

आई माझ्याकडे बघत होती. ती अल्बम ऐकत नाही. तिला फक्त तिचं मशीन कुठल्या तुकड्यात आहे तेवढं माहीत.

"कोण वाजतोय?" तिने विचारलं.

मी सांगितलं. दादा, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "घरातलं चव्हाट्यावर मांडायचं नसतं, हे कॉलेजात शिकवत नाहीत का?" आणि भिंतीवरच्या माझ्या पदवीकडे पाहिलं. त्या चौकटीसाठी खिळा तू ठोकला होतास. वाकडा ठोकलास म्हणून बाबा चिडले होते, तर तू म्हणालास, घरातली पहिलीच आहे, दुसरी येईल तेव्हा सरळ ठोकू.

तुझा पत्ता मिस्त्रींनी दिला, म्हणून आधीचं पत्रही यासोबतच धाडतेय. त्यांनीच तुला तिकडच्या कामावर लावून दिलं म्हणे. जाताना बूट-पेटी घ्यायलाही तू थांबला नाहीस. निघता निघता ते दारात थबकले आणि मला म्हणाले, "तिकडचा मुकादम सांगतो, हा एक अक्षर बोलत नाही. हातमोज्यावर खडूने लिहून दाखवतो. माझ्याकडे चाललं असतं गं. लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरला की रुळावर पाना ठोकायचा. एक ठोका थांबा, दोन ठोके वर घ्या. माझ्या पोरांना सवय होती. तिकडच्यांना याचे ठोके कळत नाहीत. तिथे तोंडानेच ओरडावं लागतं."

मी विचारलं, "नाही ओरडला तर?"

मिस्त्रींनी चपला घातल्या. "तेच सांगायला आलो," म्हणाले.

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. दादा, माझ्याशी नको बोलूस. जन्मभर नको बोलूस. पण शाफ्टमध्ये उतरलास की तोंड उघड. "थां" म्हणालास तरी पुरे. अर्ध्या शब्दावरही लिफ्ट थांबवता येते.

टिकटिक


२ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते. नाही लिहिलं तर मी हा चौथा तुकडा लावून ऐकत बसते, आणि ते वाईट.

लोक काय काय लिहितात ते तुला सांगते. एक म्हणतो, पळायला जाताना लावतो, पावलं आपोआप पडतात. एका बाईंचं बाळ यावर झोपतं. एकाने विचारलंय, हा बिघाड आहे की कला, की माझा स्पीकर गेलाय. आणि शेकड्यांनी लोक एकच लिहितात, "नाव सांग ना भाऊ!" आता तो एक खेळच झालाय.

गेल्या शनिवारी मी तो कार्यक्रम केला. करायला नको होता, पण काही महिन्यांपूर्वी हो म्हटलं होतं. तुझं कळल्यावर चौथा तुकडा वाजवायचा नाही असं ठरवून गेले होते. लोकांनी मागितला. ओरडून ओरडून मागितला. मी वाजवला, दादा. तू "माझं नाव" म्हणालास, अडलास, आणि सगळं सभागृह आपापलं नाव ओरडलं. शेदोनशे नावं एकदम. क्षणभर मला वाटलं, बघ, याचं अडखळणं सगळ्यांचं झालं. मला हेच तर हवं होतं. मग लक्षात आलं की त्या सगळ्या नावांत तुझं नाव घ्यायला एकही माणूस नाही. मीसुद्धा नाही. मी तर बटणं दाबत होते.

नंतर वायरी गुंडाळत होते तेव्हा एक बाई थांबून राहिल्या. गणिताच्या प्राध्यापक आहेत, केस पांढरे, हातात छत्री. त्यांना बोलायला वेळ लागला. किती वेळ ते मला बरोबर ओळखता आलं, कारण मी तशी वाट बघण्यातच वाढलेय. त्या म्हणाल्या, "हे का-कापलेलं नाही."

मी म्हटलं, "नाही."

"मला वाटलंच. समीक्षकांना का नाही वा-वाटलं कोण जाणे." मग हसल्या. "वर्गात मी हजेरी घेत नाही. मुलांनाच आपापली नावं फळ्यावर लिहायला लावते. मुलांना वाटतं, बाई आधुनिक आहेत."

मीही हसले. फार दिवसांनी हसले. मग त्यांनी विचारलं, "त्याने शेवटी सां-सांगितलं का नाव?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं आणि छत्री टेकत निघून गेल्या. जणू समाचाराला आल्या होत्या.

माझ्या त्या शेवटच्या "नाही"पाशी मी का अडलेय, ते तुला कळलं असेल. आज नाही लिहवत.

टिकटिक


११ फेब्रुवारी

दादा,

एक काप आहे.

मी सगळीकडे सांगत सुटलेय की चौथ्या तुकड्यात एकही काप नाही. मुलाखतीत सांगितलं, त्या प्राध्यापक बाईंना सांगितलं. तुलाही पहिल्या पत्रात "कात्री लावलीच नव्हती" असं लिहिलं. शेवटी एक आहे. तुझं नाव येतं, त्याच्या बरोब्बर आधी.

तू नाव सांगितलं होतंस. मला विसर पडलेला नाही. मी डब्यावर ठेका धरून होते, माझी बोटं दुखायला लागली होती, आणि एकाएकी ते सुटलं. अख्खं, आडनावासकट. तू स्वतःच दचकलास. मग पुन्हा म्हणालास, मग पुन्हा. आई तोंडात टाचणी धरून मशीनवरून उठून आली. बाबा घोरता घोरता जागे झाले आणि "काय रे, कोण आलंय?" म्हणाले, तर तू त्यांनाच नमस्कार करून नाव सांगितलंस. दारात जाऊन समोरच्या काकांना सांगितलंस. ते म्हणाले, "माहीत आहे की, वीस वर्षं शेजारी राहतोय!" हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये आहे. तो हशासुद्धा. दुसऱ्या दिवशी तू मुलाखतीला गेलास आणि ती नोकरी मिळवलीस.

ते मी कापलं.

कारण ते ठेवलं की तो आपल्या घरचा एक आनंदाचा दिवस होत होता, आणि कापलं की तो "तुकडा" होत होता. नाव आलं की ऐकणारा सुटतो. नाही आलं की अडकतो. मला तो अडकायला हवा होता. रोज परक्यांचे श्वास कापून कापून हात इतका सरावलाय की कुठे कापलं की दुखेल हे मला नेमकं कळतं. आणि त्या समीक्षकांनी सगळ्यात जास्त स्तुती कशाची केली असेल? त्या शेवटाचीच.

आणि चौथ्या तुकड्याचं तुला सांगायचं राहून गेलं नव्हतं. तू नाही म्हणशील म्हणून विचारलं नाही.

परवा मी अल्बम सगळीकडून काढून घेतला. उपयोग नाही. बाण सुटलाय. लोकांनी आधीच उतरवून घेतलाय, कोणी त्याची रिंगटोन केलीय. बसस्टॉपवर एका मुलीच्या पर्समधून तू अडखळलास, आणि ती पर्स उघडून फोन शोधेपर्यंत मी तिथेच उभी, बस सोडून.

समीक्षकांना मी खरं काय ते कळवलं. अडखळण्यावर कात्री नव्हती, तो माझा भाऊ आहे, आणि शेवटी त्याने नाव सांगितलं होतं, तेवढंच मी कापलं. त्यांचं उत्तर लगेच आलं. लिहितात, "हे आपण सांगायला नको होतं. निर्मितीमागची हकिगत ऐकणाऱ्याला नको असते. तो शेवट बदलू नका." सभ्य माणूस आहे. मला राग त्यांचा आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर हेच लिहिलं असतं, आणि तेच भयंकर वाटलं.

तू म्हणशील तर शेवट परत जोडते. तुझ्या नावासकट, हशासकट, सगळं पूर्ण लोकांपुढे ठेवते. फक्त हो किंवा नाही कळव. खडूने लिहिलेलंही चालेल.

टिकटिक


२० फेब्रुवारी

दादा,

आईने बटणं प्लास्टिकच्या पिशवीत ओतली आणि डबा रिकामा करून माझ्या टेबलावर आणून ठेवला. म्हणाली, "घे. आता वाजव."

मी वाजवून पाहिला. नुसता पत्रा.

मुकादमाला फोन केला होता. तो म्हणाला, "तुमचा भाऊ कामाला एक नंबर आहे, पण काल वरच्या पोराने लिफ्ट खाली सोडली, हा शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात होता, याने आवाज दिला नाही. नशीब, मी बघितलं." तो हे हवापाण्यासारखं सांगत होता.

दादा, माझं ऐक. तुझ्या त्या एका शब्दासाठी मी काय करू सांग. नोकरी सोडू? रेकॉर्डिंगचं सगळं सामान विकून टाकू? तिकडे येऊन खड्ड्याच्या तोंडाशी उभी राहू आणि तुझ्या जागी मी ओरडू? मी निघाले होते, बाबांनी दारातून परत आणलं. म्हणाले, "तुला बघून तो आणखी गप्प होईल." बाबा कधी नव्हे ते बरोबर बोलले.

तुझा आवाज मी लाखभर लोकांना दिला आणि तुझ्याकडे ठेवला नाही. मला तो परत करायचाय. कसा करतात, मला येत नाही. मला कापायला आणि जोडायलाच येतं.

ओरड. मला शिव्या देत ओरड, पण ओरड.

टि.


१ मार्च

दादा,

तू फोन ठेवलास त्याला काही दिवस झाले. आता लिहिते, कारण फोनच्या या टोकाला काय झालं ते तुला माहीत नाही.

स्टुडिओच्या काउंटरवरच्या काकू सकाळपासून वैतागल्या होत्या. "कोणीतरी टवाळ आहे," म्हणाल्या. "फोन करतो आणि नुसता फुंकतो. दोनदा ठेवला मी." मी पाण्याची बाटली भरत होते. तेवढ्यात पुन्हा वाजला. काकूंनी उचलला, "हॅलो, कोण बोलतंय?" म्हणाल्या आणि मला ऐकवायला म्हणून स्पीकर लावला. "बघ. आहे की नाही?"

नुसत्या शांततेवरून मी तुला ओळखलं. कोणी गप्प असतं तेव्हा ती वेगळी असते, आणि शब्दाला रेटत असतं तेव्हा वेगळी. काकूंचं बोट बटणावर गेलं. मी त्यांचा हात धरला. "कापू नका," मी म्हटलं. "काकू, पाया पडते, कापू नका."

"अगं, पण आहे कोण?"

"तो सांगेल."

तुझ्या नावाचा पहिला आवाज आला. पुन्हा आला. माझी बोटं काउंटरवर आपोआप ठेका धरायला लागली. एक, दोन, एक, दोन. मला कळलंही नाही. तू थांबलास आणि एकदम, स्पष्ट म्हणालास, "वा-वाजवू नकोस."

मी काउंटरपाशीच्या स्टुलावर बसले, हात मांडीखाली दाबून. एवढा वेळ मी कधी कशाची वाट पाहिली नव्हती. काकूंनी तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मागे शिपाई चहाचा ट्रे धरून उभा राहिला. आणि मग तू नाव सांगितलंस. ठेक्याशिवाय. आडनावासकट. आणि पुढे म्हणालास, "मा-माझ्या बहिणीला द्या."

काकू म्हणाल्या, "हो हो, देते हं, इथेच आहे," आणि रिसीव्हर माझ्याकडे देऊन पदराने डोळे पुसायला लागल्या. त्यांना आपल्याबद्दल काही म्हणजे काही माहीत नाही.

बाकीचं तुला माहीतच आहे. तू मला जे जे म्हणालास ते सगळं बरोबर होतं. शेवट परत जोडायचा नाही, हेही कळलं. "अर्धं नाही आणि पूर्णही ना-नाही. माझं नाव मी सां-सांगेन, मला सांगायचं त्याला." म्हणून मी ते याही पत्रात लिहिलेलं नाही. मला माफ केलंस असं तू म्हणाला नाहीस, आणि मी विचारलं नाही.

पण ते तीन मिस्ड कॉल. तू जिन्यात उभा राहून मला फोन लावत होतास. मिस्ड कॉल नव्हते ते. तुला बोलायचं होतं. जन्मात पहिल्यांदा मला फोन करून ओरडायचं होतं, आणि मी इकडे बसून मोजत होते. "तीन म्हणजे उ-उचल, गाढवे," म्हणालास तू.

हे आईला सांगितलं. तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं. मग म्हणाली, "आणि खाली? खड्ड्यात?" मी तुझेच शब्द सांगितले, "ओरडेन, पण तुझ्यासाठी नाही, मला मरायचं नाहीये म्हणून." आई म्हणाली, "तेवढं पुरे."

अजून एक. तू बोलत होतास तेव्हा रेकॉर्डर माझ्या खिशातच होता, नेहमीसारखा. मी तो चालू केला नाही. तू काय काय म्हणालास त्यातलं निम्मं मी आत्ताच विसरायला लागलेय. तसंच असू दे.

आता घरात फोन वाजला की कोणीही मोजत नाही, उचलतात. काल वाजला तर आई मशीनवरून उठून धावली. कोणीतरी पाण्याची टाकी विकणारा होता. त्याने टाकीचे सगळे आकार, रंग, झाकणं सांगितली. आईने एक शब्द मध्ये न बोलता पूर्ण ऐकून घेतलं आणि त्याने ठेवल्यावरच ठेवला.

मी म्हटलं, "अगं, आपल्याला टाकी कुठे घ्यायचीय?"

तर म्हणाली, "म्हणून काय मध्येच ठेवायचा? कोणाला किती वेळ लागेल, सांगता येतं का?"

टिकटिक